चंपाषष्ठीचं झूलावन

अन्नपूर्णा रोड, इंदूर
२६ ऑक्टोबर २०२५

यामिनीताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुम्ही दचकाल. कोणी गेलं की काय, असं वाटेल. कोणी गेलेलं नाही. पण मला भीती वाटते आहे आणि ती सांगायला या घरात माणूस नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. कागदावर अशासाठी, की माझा फोन अर्धा वेळ देवांशच्या हातात असतो, आणि तेरा वर्षांची मुलं आईबापाचे मेसेज अभ्यासाच्या पुस्तकापेक्षा लक्ष देऊन वाचतात.

यंदाही भाऊबीजेला तुम्ही नागपूरहून आला नाहीत. तुमचा भाऊ ओवाळणीचं पाकीट खिशात घालून दुपारपर्यंत उगाच फाटकाशी घुटमळत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही झूलावनला गेलो. हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आईंना म्हणालात, "पोराला डोक्याच्या डॉक्टरला दाखवा, टॉय ट्रेनमध्ये काय बसवून राहिले त्याला," आणि आई म्हणाल्या, "माझ्या नातवाला तुझीच नजर लागते." तुम्ही बॅग उचलून स्टेशन गाठलंत. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. सून होते, गप्प बसले.

झालेलं तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण आपल्या घरात ही गोष्ट जो तो आपल्या सोयीने सांगतो. देवांश पाच वर्षांचा असताना मेंदूज्वरातून उठला. जीव वाचला, पण बोलेना. नुसता भिंतीकडे बघत बसायचा. जयेशने हवापालट म्हणून त्याला सांवेरच्या पुढे नव्याने उघडलेल्या झूलावन या वॉटर पार्क रिसॉर्टला नेलं. तिथे टॉय ट्रेनच्या तिसऱ्या फेरीला पोरगा "अजून" म्हणाला. नेमकी त्या दिवशी चंपाषष्ठी होती. आपलं कुलदैवत खंडोबा, आणि इंदूरहून जेजुरी लांब. आईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की देव जिथे पावला तिथे जायचं. तेव्हापासून वॉटर पार्क हा आपला कुळाचार झाला.

तीच खोली, जेवायला तेच खिडकीजवळचं टेबल, टॉय ट्रेनचा तोच मागचा डबा, तीन फेऱ्या, आणि इंजिनाला चिमूटभर भंडारा. इंजिन चालवणारा मारुती आता आईंना पाहिलं की स्वतःहून टोपी काढतो. पहिली काही वर्षं मजाही आली. मग देवांश मधूनच क्षणभर हरवल्यासारखा गप्प व्हायला लागला आणि दर वेळी आई म्हणायला लागल्या, देव बोलावतो आहे. म्हणून मग दिवाळी, नाताळ, उन्हाळा आणि मधली प्रत्येक जोडून सुट्टी. ताई, तिथल्या माशांच्या टाकीतला कुठला मासा आजारी आहे तेसुद्धा मला आता ओळखू येतं.

जयेशही विटलाय, पण आईंपुढे बोलायची टाप नाही. या खेपेला त्याने नेटवर वाचून उपाय काढले होते. एकाच जागी सारखं गेलं की मन विटतं, म्हणून अर्धा दिवस काहीच करायचं नाही, सगळे झुले एका दमात उरकायचे नाहीत, नाश्ता बाहेर करायचा. आई म्हणाल्या, "देवाच्या दारी जाऊन बोर होतं का कोणी?" योजना तिथेच संपली. नाश्ता तेवढा बाहेर झाला.

पावसाळ्यापासून देवांश एकदाही गप्प झाला नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. आई इतक्या खूश, की यंदाच्या चंपाषष्ठीला उद्यापन करायचं म्हणतात. देवांशने वेव्ह पूलमध्ये, लाटा चालू असताना, पाच डुबक्या घ्यायच्या की कुळाचार पुरा. मला तर हायसं वाटलं होतं. सुटलो एकदाचे.

आणि त्या नाश्त्याच्या टपरीवर मी पाहिलं. देवांशच्या हातात पोह्यांची प्लेट होती. हात थांबला. डोळे रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवर होते, ट्रॅक्टर निघून गेला तरी ते तिथेच राहिले. तोंडात काही नसताना ओठ चघळल्यासारखे हलत होते. प्लेट कलली आणि पोहे बुटावर पडले. मग तो भानावर आला, मी बघते आहे हे त्याने पाहिलं आणि हसून म्हणाला, "अरे मजाक करत होतो यार मम्मी."

तो मजाक नव्हता. माझा मुलगा माझ्याशी खोटं का बोलला हे मला कळत नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

सुहासिनी

४ नोव्हेंबर २०२५

यामिनीताई,

तुमचं उत्तर आलं नाही. रागावण्याचा हक्क तुमचा आहे, तो चालू ठेवा. मी लिहीत राहते.

मी त्याच्यावर नजर ठेवून आहे. तो आंघोळीला गेला की मी दाराबाहेर टॉवेलांच्या घड्या घालत उभी राहते. बादलीत तांब्या बुडवल्याचा आवाज आला की श्वास सोडते. काल आवाज मधेच बंद झाला. मी दारावर थाप मारली, पुन्हा मारली, तरी उत्तर नाही. मग आतून चिडका आवाज आला, "काय आहे मम्मी, साबण लावून राहिलो ना मी." मी म्हटलं, गिझर बंद कर. गिझर चालूच नव्हता. संध्याकाळी मी बाथरूमच्या आतल्या कडीचे स्क्रू काढले आणि सुताराच्या नावाने बोटं मोडली. सुताराला बिचाऱ्याला उचक्या लागल्या असतील.

ट्यूशनला तो सायकलने जातो. तो रस्ता तुम्ही पाहिला आहेच, सिटी बस अंगावरून गेल्यासारखी जाते. मी म्हटलं, मी स्कूटीवर सोडते. तो म्हणाला, "सगळे हसतील." मी रोज शंभर पावलं मागून स्कूटी चालवते, ओढणी तोंडाला बांधून. पहिलीच्या वर्गाला शिकवणारी बाई चोरासारखी आपल्याच मुलाच्या मागे लागते.

जयेशला सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, पण घास हातातच राहिला. मग म्हणाला, "थकान असेल. चंपाषष्ठीच्या आधी एक चक्कर मारून येऊ झूलावनची, फ्रेश होऊन जाईल." मी म्हटलं, डॉक्टर? तो म्हणाला, "डॉक्टर एकदा नाव देऊन देतो न सुहास, मग ते नाव जात नाही." तोही भ्यालेला आहे. या घरात सगळे त्याच एका शब्दाला भितात आणि कोणी तो उच्चारत नाही. बघा, मीही लिहिला नाही.

उद्यापनाची तयारी चालू आहे. आईंनी देवांशसाठी पिवळा टी-शर्ट आणला, पाण्यात उतरायला.

सुहासिनी

१३ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुमचं पत्र पोचलं. चारच ओळी, पण मी त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचून रडले. तुम्ही नर्सिंग कॉलेजात मुलींना शिकवता तशाच लिहिल्या आहेत. पाण्यात एकटं सोडू नका. झालं की मोबाइलवर चित्रीकरण करा, डॉक्टरला ते लागेल. अंगावर ओरडू नका. आणि शेवटी, "त्याला विचार, त्याला काय होतं ते. त्याला कोणी विचारलं आहे का?"

नव्हतं विचारलं. आम्ही देवाला विचारलं, मारुतीला विचारलं की आज इंजिन कुठल्या वेळेला सुटेल, पण मुलाला नाही.

रविवारी दुपारी मी त्याला कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर नेलं. चादर पिळताना पलीकडचं टोक ढिलं पडलं. तेच डोळे, तेच ओठ. मी फोन काढला, पण नजर त्याच्यावरच होती, त्यात फक्त फरशी आली आणि माझे पाय. तो भानावर आला आणि म्हणाला, "काही नाही झालं."

मी फोन बाजूला ठेवला. म्हटलं, "देवांश, मी कोणाला नाही सांगणार. किती वेळा होतं?"

त्याने चादरीचं टोक पुन्हा उचललं. मग म्हणाला, "होतच राहतं." पावसाळ्यातही होत होतं. वर्गात आता होणार असं वाटलं की तो पेन खाली टाकतो आणि बाकाखाली वाकतो, म्हणजे बाईंना दिसत नाही. घरी असला तर फोनकडे बघत बसतो. फोनकडे एकटक बघणाऱ्या मुलाकडे कोणाचं लक्ष जात नाही, हे त्याने बरोबर ओळखलं.

"पण लपवलंस का रे?"

"सांगितलं की तुम्ही लोक बॅग भरता," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी, मम्मी. थोडंसं झालं की चल झूलावन. तो डबा, ते तीन राउंड, आजी हात जोडून उभी, लोक व्हिडिओ काढतात. शाळेतला एक जण आला होता एकदा, त्याने पूर्ण क्लासला दाखवला. मला नाही जायचं तिथे. मी विचार केला की होणं बंद झालं असं वाटलं तर तुम्ही नेणं बंद कराल."

ताई, आम्ही त्याला बरं करायला जिथे नेत होतो, तिथे जावं लागू नये म्हणून तो दुखणं लपवत होता.

आणि याहून वाईट ऐका. उन्हाळ्यात तिथे गेलो होतो तेव्हा त्याला वेव्ह पूलमध्ये झालं. लाट डोक्यावरून गेली आणि पुढचं त्याला आठवत नाही. जाग आली तेव्हा तिथला शिटीवाला माणूस त्याला काखेत धरून काठावर ओढत होता. त्याने त्या माणसाला सांगितलं की पाय घसरला. आम्ही तेव्हा छत्रीखाली बसून भेळ खात होतो. त्याच पाण्यात येत्या २६ तारखेला, चंपाषष्ठीला, पाच डुबक्या आहेत.

मी त्याला शब्द दिला आहे की पप्पांना आणि आजीला पाण्यातलं सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं, तो शब्द मोडला का ते तुम्ही ठरवा. मला डॉक्टरचं नाव आणि वेळ हवी. इथे चौकशी केली, महिना-महिना लागतो.

सुहासिनी

२१ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुम्ही डॉक्टरची वेळ काढायला सांगितलेल्या तुमच्या मैत्रिणीचा फोन आला. डॉक्टरांनी मधेच जागा काढून दिली, पण वेळ २६चीच, सकाळची. चंपाषष्ठी. देवाला सुद्धा दुसरा दिवस मिळाला नाही. पुढची वेळ जानेवारीत.

जयेश म्हणाला, "उद्यापन होऊन जाऊ दे, मग जानेवारीत दाखवू. आईचं मन नको तोडू." मी म्हटलं, पाण्यात नको. तो म्हणाला, "मी हात पकडून ठेवतो न." दिलेल्या शब्दापायी मी जीभ चावली.

म्हणून मी आईंकडे गेले. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी म्हटलं, "आई, देवांशला अजून होतं. मी पाहिलं." मला वाटलं, त्या माझ्या अंगावर येतील. त्यांनी दार लोटायला सांगितलं.

तुमचे तुकोजीमामा विहिरीवर पाणी शेंदताना तोल जाऊन गेले, हे आपण सगळे ऐकत आलो. आई म्हणाल्या, "तोल नव्हता गेला. त्याला मिरगी होती, फेफरं यायचं. माहेरी, गौतमपुऱ्यात, कोणाला कळू नाही दिलं आम्ही. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती ना. तो दोर धरून उभा होता, मी समोर होते. असाच गप्प झाला, देवांशसारखा, आणि गेला."

मी जमिनीवर बसले. म्हटलं, "मग तुम्ही देवांशला पाण्यात कशा उतरवता?"

त्या म्हणाल्या, "पाण्यात उतरून तो वर आला की मला समजेल, हे ते नाही आहे. देवाने मला सांगावं एकदा, हे ते नाही." आणि मेथीची जुडी पुन्हा सोडून पुन्हा बांधायला लागल्या.

ताई, मी आजवर त्यांना हट्टी समजत होते. ती बाई आठ वर्षं माझ्याहून जास्त घाबरलेली आहे आणि त्या भीतीपोटी आम्हाला एकाच जागी पुन्हा पुन्हा नेते आहे. मला त्यांची दया आली. पण डुबक्या रद्द झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता मधून नाही सोडता येत. मधून सोडलं तर कोपतो."

आणि खरं सांगते, तेव्हा मीही भ्याले. डॉक्टरकडे नेलं आणि खरंच कोप झाला तर? शिकलेली आहे, शाळेत शिकवते, तरी हे मनात आलं. मी रोज देवापुढे उभी राहते आणि काय मागावं ते मला सुचत नाही.

सुहासिनी

२७ नोव्हेंबर २०२५

ताई,

काल सकाळी गाडी फाटकाशी लागली. आई पुढच्या सीटवर, मांडीवर भंडाऱ्याची पिशवी आणि नारळ. डिकीत बॅगा. देवांश पिवळा टी-शर्ट घालून पायरीवर उभा. मी त्याच्या शेजारी, हातात त्याची जुनी फाइल, मेंदूज्वराच्या वेळची.

जयेश म्हणाला, "बसा, ऊन होऊन जाईल."

मी म्हटलं, "आम्ही डॉक्टरकडे जातो आहोत. तुम्ही या किंवा नका येऊ."

लग्नाला सोळा वर्षं झाली, या घराच्या फाटकात मी पहिल्यांदाच नाही म्हणत होते. मी देवांशचा दंड धरला, आधार त्याला नव्हे, मलाच हवा होता. आई समोर बघत राहिल्या. जयेश खाली उतरला, माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "तमाशा नको करू सुहास, शेजारचे पाहून राहिले." मी म्हटलं, पाहू दे. तो देवांशकडे वळला. "चल बेटा. मी आहे ना पाण्यात तुझ्यासोबत."

मी तोंड उघडणार होते. शब्द मोडायचा मी ठरवलं होतं. पण देवांशच बोलला.

"पप्पा, तुम्ही तेव्हापण होते ना तिथे."

"कधी?"

"उन्हाळ्यात. मला पाण्यात झालं होतं. त्या शिटीवाल्या भियाने खेचून काढलं मला. तुम्हाला नाही दिसलं."

जयेशच्या हातात गाडीची किल्ली होती, ती खाली पडली. त्याने ती उचलली नाही. तो पायरीवर बसला आणि पोराच्या पोटऱ्यांना दोन्ही हातांनी धरून राहिला. गाडीची काच खाली होती. आईंनी सगळं ऐकलं. त्यांचा नारळावरचा हात उठला आणि त्यांनी पदर तोंडात धरला.

मग त्याच म्हणाल्या, "सुहासिनी, तू त्याला घेऊन जा. जयेश मला झूलावनला सोडेल. कोणीतरी जायला पाहिजे ना."

आम्ही रिक्षाने गेलो. देवांशच्या डोक्याला तारा लावल्या, समोर दिवा लखलखवला, पडद्यावर रेघा नाचल्या. मग मी बाहेरच्या बाकावर बसून चंपाषष्ठी मोडली, चंपाषष्ठी मोडली, एवढंच मनात म्हणत होते. दार उघडल्याचा आवाज झाला की वाटे, आता काहीतरी वाईट सांगतील. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. सरळ, हिंदीत, एखाद्याला सर्दी आहे म्हणावं तसा. "मिरगी है, दवा से कंट्रोल होती है, डरने की बात नहीं." मी मात्र घाबरले. देवांश नाही घाबरला. त्याने विचारलं, "पानी में नहीं जाना है ना?" डॉक्टर म्हणाले, अभी तो बिल्कुल नहीं. ताई, पोराच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते त्या टॉय ट्रेनमध्ये मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जयेशने सांगितलं. आई एकट्या त्या मागच्या डब्यात बसल्या, तीन फेऱ्या. मारुतीने गाडी अगदी हळू चालवली. मग त्या वेव्ह पूलच्या काठाशी गेल्या, साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात उतरल्या आणि लाटा बंद होईपर्यंत उभ्या राहिल्या. जयेशने हात धरला होता. बाहेर आल्यावर त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "तुकोजीला कोणी डॉक्टरकडे नाही नेलं."

सुहासिनी

१४ डिसेंबर २०२५

यामिनीताई,

गोळ्या सुरू झाल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय की डोस हळूहळू वाढेल, होणं एकदम थांबणार नाही. शाळेत वर्गशिक्षिकेला सांगितलं. सायकल सध्या बंद, मी स्कूटीवर सोडते. मुलं हसतात, तो म्हणतो हसू दे.

भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. कुठे काही पडलं की मी धावते. पातेल्याचं झाकण पडलं तरी धावते. आई रात्री त्याच्या खोलीच्या दारात चटई टाकून झोपतात आणि सकाळी म्हणतात की तिथे हवा चांगली येते. डिसेंबरात.

जयेशने नाताळच्या सुट्टीत कुठे जायचं म्हणून विचारलं. नवी जागा शोधू, म्हणाला, एकही झुला नसलेली. देवांश म्हणाला, "पप्पा, एक सुट्टी घरी घेऊन पाहू ना. लोक म्हणतात चांगली असते." आई हसल्या. मला वाटतं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

हे पत्र मी वेगळ्याच कारणासाठी लिहायला बसले. आज दुपारी आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. मी पोळ्या लाटत होते, आई मटार सोलत होत्या, जयेश तोंडी लावायला काय आहे ते झाकणं उघडून बघत होता. देवांश बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होता. तो उठून आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. चेहरा पांढरा, पेन अजून हातात.

"मम्मी," तो म्हणाला, "आत्ता झालं मला."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. जयेशने आईंकडे पाहिलं. मला कळलं, आम्ही तिघेही कोणीतरी उठायची वाट बघतो आहोत, कपाटाकडे, बॅगेकडे, किल्लीकडे. इतक्या वर्षांची सवय पायात असते. देवांशही तेच बघत होता, एकेकाच्या तोंडाकडे.

कोणी उठलं नाही. आई पाट जरा सरकवून म्हणाल्या, "ये, बस माझ्याजवळ."

तो बसला. त्यांनी त्याच्यापुढे मटारच्या शेंगांचं ताट ढकललं आणि तो सोलायला लागला. मी भीतीने गार पडले होते, तव्यावरची पोळी करपली, पण त्याने मला सांगितलं होतं, ताई. आपण होऊन, आत येऊन सांगितलं.

तुमची
सुहासिनी